बासष्ट फ्रेमांची आई

चित्रपटाच्या फिल्मला दोन बाजू असतात, आणि त्या ओळखण्याची विद्या फार जुनी व फार साधी आहे. पट्टीचे टोक ओलसर ओठाला लावावे. जी बाजू किंचित चिकटते तिच्यावर चित्राचा थर. जी निसटून जाते ती कोरी पाठ. पाठ वर ठेवून पट्टी जोडली, तर पडद्यावर उजव्याचे डावे होते आणि डाव्याचे उजवे. डोळ्यांना भ्रम होऊ शकतो, बोटे थकू शकतात. ओठ मात्र फसत नाहीत. चिठ्ठीबाईंनी हा आचार एकतीस वर्षे पाळला, आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या हातून एकही उलटा जोड गेला नाही.

चित्रपट वितरकाच्या गोदामात, सायकलदुरुस्तीच्या दुकानामागच्या लांबट खोलीत, त्यांचे टेबल होते. टेबलाच्या दोन टोकांना हाताने फिरवायची चाके, मध्ये दुधी काच, काचेखाली दिवा. गावोगावच्या चित्रगृहांतून परतलेली रिळे बाई एका चाकावरून दुसऱ्यावर घेत. पांढऱ्या सुती हातमोज्यांतल्या दोन बोटांच्या चिमटीतून हजारो फूट फिल्म सरकत जाई, आणि जिथे कडेचे भोक फाटले असेल तिथे हात आपोआप थांबे. मग कापणे, सांधणे, भिंगातून पाहणे. शेवटी डब्यात एक चिठ्ठी.

त्या चिठ्ठ्यांनीच त्यांना हे नाव मिळवून दिले. क्रोध हा षड्रिपूंपैकी एक खरा, पण काही माणसांच्या ठायी तो निष्ठेचे वस्त्र नेसून राहतो. एका चित्रगृहाच्या ऑपरेटरला त्यांनी लिहिले होते: "तिसऱ्या रिळातून नायिकेच्या अकरा फ्रेम गेल्या आहेत. तुमच्या पाकिटात असतील तर पत्नीला दाखवा. दाखवण्यासारख्या नसतील तर मला परत पाठवा." दुसऱ्याला: "तुमच्या यंत्राचे दात तुमच्या दातांहून वाईट आहेत. दोन्ही दाखवून घ्या." एक ऑपरेटर धीर करून गोदामात आला आणि म्हणाला, "बाई, एवढं काय रागवायचं? फिल्मच आहे."

"तुमची बोटंही मांसाचीच आहेत," बाई मान वर न करता म्हणाल्या. "दोन कापून आणा. जोडून देते."

या क्रोधाचे मूळ एका जुन्या चित्रपटात होते. लोक त्याला वेशीचा सिनेमा म्हणत. त्यात एक आई मरते, मृत्यूच्या वेशीपाशी पोचते, आणि तिथल्या पहारेकऱ्याला विनवून एका दिवसापुरती लेकरांकडे परत येते. मरणाच्या पलीकडे माया पुरून उरते, हे सांगणाऱ्या अद्भुतकथा माणसाला सनातन काळापासून हव्याहव्याशा वाटतात. त्यांत हा चित्रपट अग्रभागी होता. अखेरीस पहारेकरी म्हणतो, "जिथे माया खरी, तिथे वेस उघडते." या वाक्यावर तीन पिढ्या रडल्या. चिठ्ठीबाईंना मात्र ते ऐकले की दातावर दात घट्ट बसत.

तरीही त्या चित्रपटाची प्रिंट त्यांनी जिवापाड जपली, कारण चौथ्या रिळात त्यांची आई होती.

आई चित्रनिर्मितीच्या कारखान्यात कपडेपट सांभाळी; उसवलेले शिवणे, सैल झालेले आवळणे. वेशीच्या प्रसंगात मृतांची रांग पहारेकऱ्यासमोरून जाते. एकेक चेहरा, उजवीकडून डावीकडे: एक शिपाई, काठी टेकणारा एक म्हातारा, एक नवरी. त्या दिवशी रांगेतली एक बाई आली नाही, म्हणून दिग्दर्शकाने कपडेपटातून आईला बोलावले.

"मी मेलेली कशी दिसणार?" आई म्हणाली होती. "माझा घरी स्वयंपाक व्हायचाय."

"काही करू नका. सरळ डावीकडे चालत जा आणि मागं बघू नका," दिग्दर्शकाने सांगितले.

आईची दोन्ही मुले तेव्हा कॅमेऱ्यापाशी उभी होती. डाव्या अंगाला थोरला, उजव्या अंगाला धाकटी. आई चालली, आणि अगदी शेवटी, चौकटीतून बाहेर पडता पडता, तिने मागे वळून पाहिलेच. बासष्ट फ्रेम, अडीच सेकंदांहून थोडे अधिक. शेवटच्या पाच फ्रेमांत मान वळते, आणि त्यांतल्या अखेरच्या दोन फ्रेमांत नजर कॅमेऱ्याशेजारी कुणावर तरी ठरते. तिच्या डाव्या खांद्यावर काम करता करता टोचून ठेवलेला सुईदोरा तसाच राहिला होता. मेलेल्या बाईच्या खांद्यावर सुई का, हे दिग्दर्शकापासून प्रेक्षकांपर्यंत कुणालाही कधी विचारावेसे वाटले नाही.

मुले मोठी झाली. धाकटी गोदामात लागली, थोरला गावातल्या एका चित्रगृहात ऑपरेटर झाला. आई आजारी पडली आणि एके दुपारी इस्पितळात वारली. त्या वेळी दादा तिच्या उशाशी होता. चिठ्ठीबाई गोदामात एक तुटलेले रीळ सांधत होत्या. ते संध्याकाळच्या खेळाला हवे होते. "एवढा जॉइंट मारते आणि निघते," असे त्या म्हणाल्या, आणि अर्धा तास उशिरा पोचल्या. जिन्यातच दादा भेटला. तो म्हणाला, "गेली. शेवटी माझ्याकडे पाहिलं तिनं."

त्या वाक्याला पुढे काही दुसरे वाक्य जोडावे, एवढी बुद्धी त्याला त्या क्षणी झाली नाही, आणि नंतर ती वेळ राहिली नाही. आईची अखेरची नजर त्याला मिळाली होती. बहिणीजवळ उरली ती चौथ्या रिळातली नजर. भिंगाखाली धरून तिने ती कितीदा तरी पाहिली होती: आई उजवीकडे पाहत होती. धाकटीकडे.

महिन्याभरात वेशीचा सिनेमा दादाच्या चित्रगृहात लागला. प्रिंट परत आली तेव्हा चौथ्या रिळात बाईंची बोटे थांबली. नवरीनंतर थेट पुढचा माणूस येत होता. मधली आई कापून काढलेली होती. जोड सफाईदार होता, आणि तो कुणाच्या हातचा हे ओळखायला भिंगाची गरज नव्हती. बाईंनी आयुष्यातली सर्वांत छोटी चिठ्ठी लिहिली: "आई परत पाठव."

उत्तर आले: "आई माझीही आहे."

त्यानंतर अठरा वर्षे भाऊबहीण एकमेकांशी बोलले नाहीत.

या अवधीत वेशीच्या सिनेमाच्या बाकीच्या प्रिंटा आंबट वास येऊन आक्रसल्या आणि फेकल्या गेल्या. गोदामही बंद व्हायला आले. मग चित्रपट संग्रहालयाचे पत्र आले: शनिवारी सकाळी अधिकारी येतील, प्रिंट तपासतील, दुपारी घेऊन जातील, तिच्यावरून कायमची प्रत काढली जाईल. मूळ रिळे पुन्हा कुणाच्या हाती लागणार नव्हती. आई त्या प्रतीत असेल किंवा कधीच नसेल, हे शनिवारपर्यंत ठरायचे होते. गुरुवारी दुपारी चिठ्ठीबाईंनी दादाच्या दाराची घंटा दाबली.

वहिनींनी दार उघडले. "वन्सं, अठरा वर्षांनी आलात, त्याही माणसाच्या डोळा लागायच्या वेळेला."

"झोपायला नाही आले, वहिनी. आईला न्यायला आलेय."

वहिनींनी आत वळून हाक दिली, "अहो, चिठ्ठीला पाय फुटलेत. बाहेर या."

दादा खिडकीपाशी बसला होता. केस गेले होते, खांदे तसेच रुंद होते. "बस," तो म्हणाला.

"बसायलाही नाही आले. शनिवारी संग्रहालयवाले रिळं नेतायत. पट्टी दे."

"मी मेल्यावर ने."

"तारीख सांग. तसं त्यांना कळवते."

"तुझी जीभ आहे तशीच आहे."

"जिन्यात जीभ तुझी चालली होती. मला धाप लागली होती, पायरीवर होते मी अजून. आणि तू म्हणालास, माझ्याकडे पाहिलं."

"खरं होतं ते."

"खरं असलं की बोलायलाच हवं असतं का?"

दादा खिडकीबाहेर पाहत पुटपुटला, "पट्टीतसुद्धा ती माझ्याकडेच बघते."

"तुझ्याकडे? तू डावीकडे होतास. ती उजवीकडे बघते. भिंगातून पाहिलंय मी."

"मी रोज उजेडाला धरून पाहतो. डावीकडे बघते."

"डोळे तपासून घे."

"घेतले. गेल्या वर्षीच मोतीबिंदू काढला. आता तर जास्तच डावीकडे बघते."

वहिनी आत गेल्या आणि गोळ्यांची एक पत्र्याची डबी घेऊन आल्या. भिंतीवर आईच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून लावला होता, त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "या घरात एक सासू भिंतीवर आहे आणि एक डबीत. भिंतीवरच्या सासूनं मला कधी त्रास दिला नाही. डबीतलीला रोज सकाळी बाहेर काढायचं, फडक्यानं पुसायचं, अर्धा तास उजेडाला धरायचं, आणि मग दिवसभर यांचं तोंड एवढंसं. घेऊन जा, वन्सं."

दादाचा हात उठला आणि अर्ध्यावर थांबला. "शनिवारी मी येणार," तो म्हणाला. "पडद्यावर बघणार."

"ये. चोरालाही माल ओळखायला बोलावतात."

शुक्रवारी दुपारी बाईंनी डबी उघडली. पट्टीला औषधांचा वास होता. अठरा वर्षांच्या पुसण्याने तिच्या दोन्ही बाजू सारख्याच गुळगुळीत झाल्या होत्या, आणि कडेची आवाजाची रेघ घासून गेली होती. ओठाला लावल्याशिवाय किंवा भिंगातून पाहिल्याशिवाय सुलटे-उलटे कळण्याचा मार्ग नव्हता. बाईंनी सवयीने टोक ओठांपर्यंत नेले आणि तिथेच त्यांचा हात थबकला. ही वस्तू त्याच्या हातांत होती, त्याच्या गोळ्यांत होती, रोज सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे होती. त्याच्या घामाची ती वस्तू मी ओठाला लावू? संतापाने त्यांनी भिंगही घेतले नाही. वर जी बाजू होती तीच वर ठेवली, भोकांना भोके जुळवली आणि दोन्ही टोकांना टेप दाबली.

शनिवारी सकाळी गोदामाच्या बारा खुर्च्यांच्या खोलीत संग्रहालयाची अधिकारी, एक तरतरीत तरुण मुलगी, वही घेऊन बसली. दादा आणि वहिनी मागच्या रांगेत होते. बाई यंत्रापाशी उभ्या होत्या. चौथे रीळ सुरू झाले.

शिपाई आला, उजवीकडून डावीकडे गेला. काठीवाला म्हातारा गेला. नवरी गेली. मग आई आली, आणि ती डावीकडून उजवीकडे चालली. सारी रांग वेशीकडे जात असताना ती एकटी वेशीकडून घराकडे येत होती. सुई तिच्या उजव्या खांद्यावर होती. शेवटी तिने मान वळवून पाहिले, डावीकडे. ती दिसेनाशी झाली, तरी आवाजाच्या रेघेच्या जागी चित्राची कड आल्याने कर्ण्यातून येणारी ओबडधोबड घरघर, जणू मागाहून कुणी हरकत घ्यावी तशी, क्षणभर उरली आणि मग थांबली.

बाईंनी यंत्र बंद केले.

"बघ," दादा अंधारात म्हणाला. "माझ्याकडेच."

"सुंदर आहे हो," अधिकारी मुलगी म्हणाली. "सगळे जातायत आणि ही एकटीच परत येतेय. दिग्दर्शकाची कल्पना फार छान."

"कल्पना नाही," बाई म्हणाल्या. "चूक आहे. पट्टी उलटी लागलीय. माझ्या हातून."

एकतीस वर्षे त्यांनी जगाला चिठ्ठ्या लिहिल्या होत्या. आज चिठ्ठी लिहावी असा समोर कुणी नव्हता.

"मग राहू दे," दादा उठून उभा राहिला. "चिमे, ती परत येतेय. एवढ्या रांगेतून एकटी परत येतेय. तुझ्याच हातून झालं ना? राहू दे तसंच."

चिमी हे नाव त्या खोलीत कुणी ऐकले नव्हते. बाईंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि म्हणून अधिक भयंकर वाटला.

"परत येतेय? इतकी वर्षं लोक हे बघून रडतात आणि घरी जाऊन नीट जेवतात. माया खरी असली की म्हणे वेस उघडते. मग माझ्या वेळी काय झालं? अर्धा तास उशीर झाला म्हणून माझी माया खोटी ठरली? ज्यांची ज्यांची माणसं परत आली नाहीत, ते सगळे काय कमी रडले? खोटं आहे ते. ती गेली, दादा. तुझ्याकडे बघून गेली, मला न बघता गेली, पण गेली. उजवीकडून डावीकडे. आणि तिनं जन्मात कधी सुई उजव्या खांद्याला टोचली नाही."

अधिकारी मुलगी चाचरत म्हणाली, "आम्ही रीळ जसं येतं तसंच उतरवतो. दुरुस्ती करत नाही, तसा नियम आहे. दुपारपर्यंत तुम्ही काय ते ठरवा."

दादा टेबलापाशी आला. हा त्याचाही धंदा होता. "टेप सोडवलीस तर थर निघेल," तो म्हणाला. "शेवटच्या टोकाचा. तिथं तो राहिलाच नाहीय फारसा."

"का राहिला नाही?"

"तिथंच धरत होतो मी."

जिथे आईची नजर होती, तिथेच अठरा वर्षे त्याचा अंगठा होता.

"शेवटच्या दोन जातील," तो पुन्हा म्हणाला. "मग ती कुणाकडेच बघणार नाही. तुझ्याकडे पण नाही."

"ठाऊक आहे."

"चिमे, तुझ्याकडे पण नाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना."

पुढच्या टोकाची टेप त्यांनी पात्याच्या धारेने उचलली. ती निमूट सुटली. मागच्या टोकाला त्या थांबल्या, श्वास घेतला आणि एकाच दिशेने, न थांबता ओढली. टेपेबरोबर तपकिरी पापुद्रा निघून आला. त्या पापुद्र्यावर दोन इवलेसे चेहरे होते. पट्टीवर त्यांच्या जागी दोन स्वच्छ, रिकाम्या फ्रेम उरल्या. बाईंनी त्या कापून टाकल्या.

मग उरलेली पट्टी त्यांनी भावापुढे धरली. "ओठाला लाव."

"मी?"

"माझे ओठ सुकलेत रागानं. त्यांना काही चिकटायचं नाही."

दादाने टोक ओठाला लावले. एक बाजू निसटली. त्याने पट्टी फिरवली, दुसरी बाजू लावली, आणि तशीच धरून राहिला. चाचणीला लागतो त्याहून पुष्कळ अधिक वेळ. वहिनींनी तोंड फिरवले.

"लागली," तो म्हणाला.

"कुठली?"

त्याने बोटाने खूण केली, आणि खूण करता करताच त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. "म्हणजे मी रोज धरायचो ती..."

"पाठीमागून धरायचास. तिकडून पाहिलं की ती डावीकडेच बघणार."

"अठरा वर्षं?"

"अठरा वर्षं."

बाईंनी पट्टी सुलटी ठेवली, भोके जुळवली, टेप दाबली, आणि या वेळी भिंगातून पाहिले. डाव्या खांद्यावर सुई होती.

रीळ पुन्हा चालवले. शिपाई, म्हातारा, नवरी, आणि त्यांच्यामागून आई, इतरांसारखीच, उजवीकडून डावीकडे. शेवटी तिची मान वळू लागली, आणि वळता वळताच पुढचा माणूस आला. कर्णा या वेळी गप्प राहिला. मान कुणासाठी वळत होती हे आता जगातली कोणतीही फ्रेम सांगू शकत नव्हती. दिग्दर्शकाने सांगितले होते, मागे बघू नका. इतक्या वर्षांनी आईने ते ऐकले.

अधिकारी मुलीने वहीत काहीतरी नोंदले. डबा बंद करण्यापूर्वी बाईंनी चिठ्ठीचा कागद ओढला आणि उभ्याउभ्या लिहिले: "चौथे रीळ, वेशीचा प्रसंग. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या फ्रेम साठ. मूळ बासष्ट होत्या. दोन जोडणारीच्या रागात गेल्या. पट्टी ओठाला न लावता जोडली होती."

दादाने खांद्यावरून वाचले. "आणि मी कापली होती, ते?"

"चिठ्ठी लहान आहे."

"मग ते राहूनच जायचं?"

बाईंनी चिठ्ठी उलटी केली. मागची बाजू कोरी होती. त्यांनी पेन त्याच्यासमोर टेबलावर आपटले.

"तुझ्या बाजूचं तू लिही," त्या म्हणाल्या, आणि तो लिहीपर्यंत डब्याचे झाकण हातात धरून उभ्या राहिल्या.